आभाळाला हात लावण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोष्ट २००३ सालची. माणदेशात पावसाने लागोपाठ दगा दिला होता. जनावरे छावणीत, माणसे टँकरच्या वाटेवर डोळे लावून, असे ते दिवस. राज्य सरकारने त्या साली विमानातून ढगांत रसायने फवारून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग हाती घेतला होता. वर्तमानपत्रांत रोज त्याची काही ना काही बातमी असे. मी सुट्टीत मामांकडे गेलो होतो. संध्याकाळी पारावर बसलो असताना डोक्यावरून एक विमान गेले. ते फवारणीचे होते की साधे प्रवासी, हे मला आजही ठाऊक नाही. पण पारावरच्या मंडळींना मुळीच शंका नव्हती.

"काय मास्तर, ह्ये इमान ढग फोडाया आलंय का पळवाया?" मामांनी विचारले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून मामांसाठी मी कायमचा मास्तर. मी समजावून सांगू लागलो. ढगात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. सिल्व्हर आयोडाइड किंवा मिठाचे कण फवारले तर त्यांच्याभोवती पाणी जमून थेंब मोठे होऊ शकतात. मात्र ढग मुळात असावा लागतो. नसलेला ढग कोणी आणू शकत नाही. मध्येच एकाने पवनचक्क्यांचा विषय काढला. डोंगरावर पाती फिरू लागल्यापासून ढग थांबत नाहीत, ही समजूत त्या काळात सातारा-सांगलीकडे बरीच पसरली होती. त्याला शास्त्रीय आधार नाही, हेही मी ठणकावून सांगितले.

मग उत्साहाच्या भरात मी पुढे गेलो. म्हटले, पाऊस फवारणीमुळेच पडला की आपोआप, हे ओळखायचे तर काही ढग फवारायचे आणि तसेच काही ढग मुद्दाम सोडून द्यायचे. मग दोहोंची तुलना करायची. मामा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजी एका गावाचा ढग फवारायचा आन् दुसऱ्याचा तसाच सोडायचा. मग कुणाचा सोडायचा, ह्ये ठरवणार कोण? आन् त्या गावाला कुणी इचारणार का न्हाई?"

मी म्हणालो, "मामा, तो शास्त्रीय पद्धतीचा भाग आहे." मामांनी मान हलवली. पण त्यांना उत्तर मिळाले नव्हते, हे त्यांनाही कळले आणि मलाही.

मामा आज नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र आता गावाच्या शिवेपुरता उरलेला नाही. साऱ्या पृथ्वीचे तापमान मुद्दाम खाली आणण्याच्या उपायांवर आज जगात संशोधन चालू आहे. त्या संशोधनात तुमचा-आमचा काय वाटा असावा, याविषयी आज बोलायचे आहे.

ज्वालामुखीचा धडा

जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, जाऊन पोचला. त्यापासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी पृथ्वीभोवती विरळ पडदा धरला, थोडा सूर्यप्रकाश परतवला आणि पुढच्या वर्षा-दीड वर्षात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. कण खाली बसले तसे तापमान पुन्हा पूर्वपदावर आले.

ज्वालामुखी जे करतो ते माणसाने केले तर? ही कल्पना जुनी आहे, पण बरीच वर्षे शास्त्रज्ञ तिच्याविषयी उघडपणे बोलायला कचरत. २००६ मध्ये पॉल क्रुट्झन यांनी ती एका लेखात गंभीरपणे मांडली. ओझोनवरील कामासाठी १९९५ चे नोबेल मिळवलेला हा माणूस. कार्बन वायू कमी करण्याचे प्रयत्न फसत आहेत, तेव्हा निदान या पर्यायाचा अभ्यास तरी करा, असे त्यांचे म्हणणे. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने या विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात उपायांचे दोन गट केले आहेत. पहिल्या गटातले उपाय हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेतात, दुसऱ्या गटातले सूर्याची उष्णता परतवतात.

दुसरा गट अधिक झटपट आणि म्हणूनच अधिक धास्तीचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने जी तापमानवाढ होईल ती रोखायला पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के अडवणे पुरते. हे ऐकायला सोपे वाटते. पण छत्री धरली म्हणून ताप उतरत नाही. हवेतला कार्बन तसाच राहतो, समुद्राचे पाणी आम्ल होत राहते. शिवाय अनेक वर्षे छत्री धरून ती एकदम मिटली, तर दबून राहिलेली सारी तापमानवाढ काही वर्षांतच अंगावर येईल.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न पावसाचा. मोसमी पाऊस हा जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर आणि दोन्ही गोलार्धांतल्या समतोलावर अवलंबून आहे. संगणकीय प्रारूपे सांगतात, की फक्त उत्तर गोलार्धात असा पडदा धरला तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. पिनाटुबोनंतरच्या वर्षातही जगभरात जमिनीवरचा पाऊस घटल्याची नोंद आहे. म्हणजे तापमापी एकच असली तरी पर्जन्यमापक प्रत्येकाचा वेगळा. कोणाच्या तरी शेतात फायदा आणि कोणाच्या तरी शेतात तोटा. मामांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

एक फुगा, एक नळी

या प्रश्नाला प्रत्यक्ष तोंड द्यावे लागले ते ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांना. २०१० मध्ये तिथे 'स्पाइस' नावाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. ब्रिस्टल विद्यापीठाचे मॅथ्यू वॉटसन त्याचे प्रमुख. वीस किलोमीटर उंचीवर फुगा बांधायचा आणि नळीतून कण वर सोडायचे, ही दूरची कल्पना. तिची छोटी चाचणी म्हणून एक किलोमीटर उंचीवर फुगा उडवायचा, जमिनीवरून नळी न्यायची आणि साधे पाणी फवारायचे, असे ठरले. पाणी किती? दीडशे लिटरच्या आसपास. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या एका पिंपात मावेल एवढे. नॉरफोकमधील एका जुन्या धावपट्टीवर ऑक्टोबर २०११ मध्ये हे व्हायचे होते.

पर्यावरणाला त्यातून काडीचा धोका नव्हता. तरीही निधी देणाऱ्या संस्थांनी एक वेगळी गोष्ट केली. वाटेत एक फाटक बसवले. शास्त्रज्ञांनी पाच गोष्टींचे समाधान केल्याशिवाय फाटक उघडायचे नाही. धोके ओळखून आटोक्यात ठेवले आहेत का? कायदे-नियम पाळले आहेत का? प्रयोगाचा खरा हेतू लोकांना स्पष्ट सांगितला आहे का? पुढे याचा वापर कशासाठी होईल याचा विचार केला आहे का? आणि लोकांचे म्हणणे समजून घेण्याची काही सोय आहे का? पहिल्या दोन प्रश्नांत शास्त्रज्ञ उत्तीर्ण झाले. उरलेल्या तिन्हींत त्यांना आणखी अभ्यास करून यायला सांगण्यात आले.

दरम्यान कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्डिफ, नॉटिंगहॅम आणि नॉरिच या शहरांत सामान्य नागरिकांचे छोटे गट बसवले. आधी माहिती दिली, शंका विचारू दिल्या, आपापसांत बोलू दिले, आणि मग मत विचारले. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुग्याची चाचणी करून पाहायला बहुतेकांची हरकत नव्हती. पण स्थितांबरात खरोखर कण सोडण्याच्या कल्पनेने निर्धास्त असलेले लोक फारच थोडे निघाले. याचा ताबा कोणाकडे राहील? चूक झाली तर मागे फिरता येईल का? कार्बन कमी करण्याची टाळाटाळ करायला हे निमित्त तर होणार नाही? असे त्यांचे प्रश्न होते. पाण्याचा फवारा निरुपद्रवी आहे हे त्यांना पटले होते; ती वाट कुठे जाते, याची त्यांना काळजी होती.

चाचणी अखेर झालीच नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ती पुढे ढकलली गेली, पन्नासहून अधिक संघटनांनी विरोधाचे पत्र लिहिले आणि मे २०१२ मध्ये ती रद्द झाली. रद्द होण्याचे एक मोठे कारण असे, की प्रकल्पाशी संबंधित व्यक्तींनी आधीच या तंत्राशी निगडित पेटंटसाठी अर्ज केला होता, ही गोष्ट सहकाऱ्यांना उशिरा कळली. अशा प्रयोगांसाठी नियमांची चौकट नाही, हे दुसरे कारण. प्रयोगशाळेतले आणि संगणकावरचे काम मात्र चालू राहिले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की "याचा मालक कोण?" हा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात सहज येतो, तो तज्ज्ञांच्या टेबलावर शेवटी पोचला.

उशिरा विचारले की

पुढच्या काळात हेच दोनदा घडले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाला २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तर भागात किरुना इथून एक मोठा फुगा उडवून उपकरणांची चाचणी घ्यायची होती. त्या उड्डाणात एक कणही सोडायचा नव्हता. पण तिथल्या सामी या आदिवासी समाजाच्या परिषदेने पत्र लिहून विरोध केला : आम्हाला कोणी विचारले नाही, आणि हा मार्गच आम्हाला मान्य नाही. प्रकल्पाच्या स्वतंत्र सल्लागार समितीने आधी स्वीडनमधल्या लोकांशी बोला असे सांगितले आणि उड्डाण थांबले. मार्च २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला.

त्याच २०२४ सालच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील अलामेडा शहरात, एका निवृत्त विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवरून समुद्री मिठाचे कण फवारण्याची चाचणी सुरू झाली. समुद्रावरचे ढग अधिक पांढरे करून सूर्यप्रकाश परतवता येईल का, याचा तो प्राथमिक अभ्यास. शहराच्या कारभाऱ्यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळल्यासारखी झाली. तज्ज्ञांकडून तपासणी झाली, आरोग्याला मोजण्याइतका धोका नाही असा अहवाल आला. तरीही जूनमध्ये नगरपरिषदेने एकमताने चाचणी बंद करायला लावली. आधी सांगितले असते तर कदाचित परवानगी मिळाली असती, कदाचित नसतीही. पण नंतर सांगितल्यावर अहवाल कितीही चांगला असला तरी विश्वास बसत नाही. लग्न ठरवून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार.

लोखंड आणि गोवा

आपणही यापासून दूर नाही. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने मिळून २००९ मध्ये 'लोहाफेक्स' नावाचा प्रयोग केला. नावातला 'लोहा' आपलाच. दक्षिण महासागरात लोहाची कमतरता असते. ते थोडे घातले की सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, जोमाने वाढतात आणि हवेतला कार्बन शोषून घेतात. त्या मरून तळाशी गेल्या तर कार्बनही तळाशी जातो, असा हिशेब. जानेवारीत 'पोलरस्टर्न' हे जहाज केपटाऊनहून निघाले, आणि समुद्रात असतानाच वादळ उठले. पाण्यातले नव्हे, राजकारणातले. समुद्राला असे खत घालण्यावर आदल्याच वर्षी बॉन येथील जैवविविधता परिषदेत देशांनी निर्बंध मान्य केले होते. पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली, जर्मनीतील दोन मंत्रालयांची जुंपली, स्वतंत्र परीक्षणे मागवली गेली. अखेर २६ जानेवारीला हिरवा कंदील मिळाला.

निकाल काय लागला? प्लवक वाढले खरे, पण लहान प्राणिप्लवकांनी ते खाऊन टाकले. फारच थोडा कार्बन खोल गेला. समुद्राला लोह घालून कार्बन क्रेडिट विकण्याची स्वप्ने काही कंपन्या पाहत होत्या, त्यांच्या दृष्टीने ही वाईट बातमी. मला वाटते, संशोधन का व्हायला हवे याचे हे उत्तम उदाहरण आहे. प्रयोग झाला म्हणून भ्रम फिटला. संशोधन नकोच, अशी भूमिका घेतली तर हा भ्रम बाजारात विकला गेला असता. पण वाद रंगला तो मंत्रालये, शास्त्रज्ञ आणि संघटना यांच्यात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे अशा माणसांना बसवून "तुमचे काय प्रश्न आहेत?" असे विचारले असते, तर प्रयोगातून काय मोजायचे याची यादीच कदाचित वाढली असती.

विचारायचे म्हणजे काय?

इथे कोणी म्हणेल, सामान्य माणसाला यातले काय कळते? मीही बरीच वर्षे हेच म्हणत असे. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात एक संध्याकाळ आम्ही या विषयासाठी ठेवली. वीस-बावीस माणसे आली. रिक्षा चालवणारे, बचतगटातल्या ताई, दोघे द्राक्षबागायतदार, एक निवृत्त तलाठी. अर्धा तास मी माहिती दिली. मग प्रश्न सुरू झाले. बागायतदार म्हणाले, "अवकाळी झाला तर तो तुमच्या फवारणीमुळे की नेहमीचा, हे ठरवणार कसे? पंचनामा कोण करणार?" एक ताई म्हणाल्या, "सर, हे बंद करायचं बटण कोणाच्या हातात असणार?" याला पाहणी म्हणता येणार नाही, ती एक बैठक होती. पण कोणत्या बदलाचे कारण काय, हे सिद्ध करण्याचा प्रश्न आणि अचानक थांबवण्याच्या धोक्याचा प्रश्न, हे या क्षेत्रातले दोन सर्वांत अवघड प्रश्न तासाभरात त्या खोलीत आले होते. शास्त्राची परिभाषा त्यांच्याकडे नव्हती. पावसाशी असलेला व्यवहार मात्र पक्का होता.

अर्थात विचारण्याची रीत असते. २०१० मध्ये बीटी वांग्याच्या प्रश्नावर केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी देशात सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात नागपूरही होते. सभागृहे भरली, घोषणा झाल्या, शेवटी वांग्याला स्थगिती मिळाली. लोकांना विचारले ही मोठीच गोष्ट. पण बियाणे तयार झाल्यावर, तज्ज्ञ समितीची मंजुरी मिळाल्यावर विचारले. तेव्हा उत्तराला 'हो' किंवा 'नाही' एवढीच जागा उरते. संशोधन कोणत्या दिशेने व्हावे, आधी काय तपासावे, हे सांगायची वेळ निघून गेलेली असते.

याउलट डेन्मार्कमध्ये १९८७ पासून नागरिकांच्या परिषदा भरवण्याची पद्धत रुजली. थोडेच नागरिक, पण समाजाच्या वेगवेगळ्या थरांतले. त्यांना वेळ द्यायचा, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ त्यांच्यापुढे उभे करायचे, प्रश्न नागरिकांनीच काढायचे आणि निष्कर्षही त्यांनीच लिहायचा. २०१८ मध्ये अमेरिकेत बोस्टन आणि फिनिक्स येथे सूर्यप्रकाश परतवण्याच्या संशोधनावर अशाच नागरिकांच्या बैठका झाल्या. तिथेही लोकांनी संशोधनाला सरसकट नकार दिला नाही. सावधपणे, अटी घालून होकार दिला.

पण डेन्मार्कपर्यंत जायला कशाला हवे? गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गाव घ्या. तिथे आधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावतो, विषय समजून घेतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा, पण दोन्ही लोकांच्या हातात. हवामान-हस्तक्षेपासारख्या विषयाला हीच घडी उपयोगी पडेल असे मला वाटते. त्यात एक भर घालावी लागेल : जो रोजंदारीवर जगतो त्याचा त्या दिवसाचा रोज बुडू नये, याची सोय. नाहीतर सभेला सवड असलेलेच येतील. आणि दुसरी अट : लोकांनी जे सांगितले त्याचे काय केले, याचे लेखी उत्तर शास्त्रज्ञांनी दिलेच पाहिजे. मान्य असेल तर तसे, नसेल तर का नाही ते.

२००९ मध्ये ऑक्सफर्डच्या काही अभ्यासकांनी या संशोधनासाठी पाच तत्त्वे मांडली. हे काम लोकहिताचे मानून त्याचे नियमन व्हावे, निर्णयात लोकांचा सहभाग असावा, निष्कर्ष खुले असावेत, परिणामांची तपासणी त्रयस्थांनी करावी आणि वापराआधी नियम ठरावेत. तत्त्वे चांगलीच आहेत. पण तत्त्वे कागदावर असतात आणि फुगे आकाशात जातात. २०२२ मध्ये एका छोट्या खासगी अमेरिकन कंपनीने मेक्सिकोत कोणाला न विचारता सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने अशा प्रयोगांवर बंदीच घालण्याचे जाहीर केले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने या विषयाच्या संशोधनासाठी सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड दिले. त्यात उघड्यावरचे काही छोटे प्रयोगही आहेत. तिथल्या लोकांशी आधी चर्चा करायची अट मात्र त्याला जोडली आहे. स्पाइसचा धडा निदान एवढा तरी गिरवला गेला.

आपल्या देशात या विषयावर संगणकीय प्रारूपांचे काम होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा आहे. उद्या जगाच्या टेबलावर हा विषय निर्णयासाठी आला, तर मोसमी पावसावर जगणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या वतीने आपले प्रतिनिधी काय बोलणार? ते ठरवायला आपले स्वतःचे संशोधन हवे. त्या संशोधनाने कोणते प्रश्न हाती घ्यावेत, हे सांगायला माणदेशातला शेतकरी हवा आणि कोकण-गोव्याचा मच्छीमारही हवा.

पारावर मी मामांना उत्तर द्यायला हवे होते ते इतके साधे होते : "मामा, ढग सोडायचा की फवारायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागेल. नाहीतर शास्त्र खोटं पडेल. पण चिठ्ठी टाकायची की नाही, हे मात्र तुम्हाला विचारूनच ठरायला हवं." मामा हो म्हणाले असते की नाही, मला माहीत नाही. नाही म्हणाले असते, तर ते मला ऐकावे लागले असते. विचारायचे म्हणजे तेवढी तयारी ठेवायची.